तांबडीचा नवस

मागच्या वर्षीचा ऑक्टोबरातला शनिवार, नवरात्रातली पाचवी माळ. जनावरांच्या दवाखान्यात भरलेली रक्कम दोनशे चौदा डॉलर. हजर मी, माझी मुलगी ईशा, माझी आई, आणि ईशाच्या मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेली तांबडी. ही कोंबडी पिल्लू असताना आम्ही साडेचार डॉलरला आणली होती. आकड्यांवर माझं पोट आहे. एका शाळाखात्यात मी पगारपत्रकं तपासतो, आणि कुठलीही गोष्ट आठवायची झाली की मला आधी तिची रक्कम आठवते, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी वास. त्या दिवशीचा वास ओल्या पिसांचा होता, आणि त्याच्याखाली लोखंडासारखा, रक्ताचा.

परवापासून मागच्या अंगणातल्या ओकनं पानं टाकायला सुरुवात केली आहे. इथं पानगळ बघायला लोक गाड्या काढून डोंगरात जातात, पुलावर थांबून फोटो घेतात. आम्हीही जायचो. आता आमच्या घरात पानगळ म्हणजे छप्पर उडणं. उन्हाळाभर ओकची पानं कोंबड्यांच्या डोक्यावर असतात, वरून खालचं काही दिसत नाही. मग एक आठवडा असा येतो की सकाळी खिडकी उघडावी तर आभाळ एकदम जवळ आलेलं असतं, आणि त्या आभाळात एक ठिपका सावकाश गोल फिरत असतो. परवा तो पुन्हा दिसला. मी चहा तसाच ठेवून बाहेर गेलो आणि खुर्ची मांडून बसलो. हातात ईशाची शाळेतली हॉकी स्टिक होती. ही खुर्ची आणि ही स्टिक, दोन्ही मागच्या वर्षी आईच्या होत्या.

अ‍ॅशबर्नच्या नव्या वसाहतींना लागून काही जुनी घरं उरली आहेत, त्यातलं एक आमचं. अंगण मोठं, कुंपण लाकडी, आणि कोंबड्या पाळू नका म्हणून सांगणारी एचओए, म्हणजे रहिवाशांची सोसायटी, नाही. पलीकडे डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती. त्यांची घरघर दिवसरात्र चालू असते. आम्हाला ती ऐकू येत नाही, पाहुण्यांना येते. आई जूनमध्ये आली तेव्हा पहिल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "विजू, गिरणी बंद नाही का होत रे? काय दळतात एवढं?"

"डेटा, आई."

"मग पीठ कुठं जातं?"

वर्षा, माझी बायको, इतकी हसली की तिच्या हातातलं वाटण सांडलं. मी या क्षेत्रात काम करणारे निदान तीस जण ओळखतो. कुणालाच त्या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलेलं नाही.

आई आली ती बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. व्हिसावर सहा महिने राहायला मिळतात. पहिल्या आठवड्यात तिनं घरातली सगळी कपाटं लावली, दुसऱ्यात पुन्हा लावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की या घरात तिला करण्यासारखं काही नाही. रस्त्यावर माणूस नाही, दारात भाजीवाला नाही, शेजारीण हात हलवून गाडीत बसते. राहता राहिल्या पाच कोंबड्या. ईशानं त्यांना मसाल्यांची इंग्रजी नावं ठेवली होती. तांबडी तिची पॅप्रिका. आईनं आठवडाभरात सगळ्यांचं बारसं नव्यानं केलं. मोठी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, सगळ्यांना ढकलून दाण्यावर पहिली येणारी ती पाटलीणबाई. जी कधी कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती, सगळ्यांचं खाऊन झाल्यावर खायची आणि आईच्या पायाशी येऊन बसायची, ती तांबडी. नाव ठेवताना आईनं विशेष विचार केला नव्हता. रंग तांबडा होता.

कोंबड्या मोकळ्या सोडल्या की आईनं खुर्ची टाकून बसायचं, हे कुणी ठरवलं नाही, ते झालं. स्वेटर, कानाला रुमाल, मांडीवर हॉकी स्टिक. ऑफिसला जाताना मी गाडी मागे घ्यायचो आणि आरशात ते चित्र दिसायचं. बाबांच्या आजारपणाच्या दीड वर्षात ती दवाखान्याच्या बाकावर अशीच बसायची. पाठ ताठ, पिशवी मांडीवर. तेव्हा मी तिला फोनच्या पडद्यावर पाहायचो.

नवरात्रात तिनं घट बसवला. पत्रावळ मिळाली नाही म्हणून स्टीलचं ताट, त्यावर कुंपणालगतची माती, मातीत गहू. अखंड दिव्याचं मात्र आमच्यात दोन दिवस बोलणं चाललं होतं. घर लाकडाचं, छताला धुराच्या घंटा. शेवटी दिवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, परातीत पाणी घालून मधोमध ठेवायचा, असं ठरलं. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. त्या शनिवारी सकाळी कोंबड्या बाहेर होत्या, आई खुर्चीत होती, आणि तिला आठवलं की तेल घालायचं राहिलंय. ती आत गेली.

आई सांगते, कोंबड्या ओरडल्या नाहीत. त्या एकदम गप्प झाल्या. पाच कोंबड्यांचा जो एक सतत कुरकुरणारा, कुजबुजणारा आवाज असतो, तो मधूनच कापल्यासारखा थांबला. तेलाची वाटी तिथंच टाकून ती अनवाणी धावली. गवतावर तांबड्या पिसांचं वर्तुळ पडलं होतं आणि मधोमध पंख पसरून ससाणा बसला होता. "माझ्याकडं असा बघत होता," आई म्हणाली, "जसं काही मीच त्याच्या पानावर येऊन बसलेय." तिनं स्टिक उगारली तेव्हा तो उडाला. घाईनं नाही. इथं ससाण्याला इजा करायला कायद्यानं बंदी आहे, हे मी तिला नंतर सांगितलं. "त्यालाच सांगायचं होतंस की कायदा," ती म्हणाली.

तांबडीच्या पाठीवरची कातडी उसवली होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. शिवण उसवावी तशी, मानेपासून पंखाच्या मुळापर्यंत, तळहाताएवढी. ती ओरडत नव्हती. डोळे मिटत होती आणि उघडत होती. कोंबडीची पापणी खालून वर मिटते. पन्नाशी उलटेपर्यंत मला हे माहीत नव्हतं.

दोन दवाखान्यांनी फोनवरच सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. तिसरा चाळीस मिनिटांवर होता. काउंटरवरच्या मुलीनं प्रेमानं विचारलं, ही पेट आहे की फूड? औषध त्यावर ठरतं. मी घुटमळलो. आईनं विचारलं, "काय म्हणते?"

"पाळलीय की खायला ठेवलीय, विचारते."

"सांग तिला, अजून ठरलं नाही."

ईशा रडता रडता हसली. "पेट," ती काउंटरवर म्हणाली. "शी इज अ पेट." त्यावेळी आमच्या फ्रीजरमध्ये, आम्हा तिघांनाही माहीत होतं, कोंबडीच्या मांड्यांची दोन पाकिटं होती. नवरात्र संपायची वाट बघत.

डॉक्टर तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी जखम धुतली, काही टाके घातले, काही ठिकाणी टाका धरेल अशी कातडीच नव्हती. मलम दिलं, तोंडातून द्यायचं औषध दिलं, आणि दोन गोष्टी सांगितल्या. ऊब द्या, पाणी पाजा. आणि निदान तीन आठवडे, कातडी पूर्ण धरेपर्यंत, तिला बाकीच्या कोंबड्यांत सोडू नका. जगेल का, असं ईशानं विचारलं. "कोंबड्या आपल्याला चकवतात," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी."

हे वाक्य मला अजून आठवतं, कारण तो अंदाज नव्हता, आणि मला अंदाज हवा होता. शेकडा किती, एवढंच. त्यांनी दिला नाही.

मग लाँड्रीची खोली. आमच्या घरातली सगळ्यात छोटी, ड्रायर चालला की गरम होणारी. कुत्र्याचा जुना पिंजरा कुणाकडून तरी आणला, त्यात टॉवेल घातले, तांबडी आत ठेवली. दाराबाहेर आईचा पाट. ती खोली म्हणजे मागच्या वर्षाची पानगळ, माझ्यापुरती. साबणाचा गोड वास, मलमाचा कडू वास, आणि त्या दोन्हींच्या खाली पिसांचा, धुळीचा, खुराड्याचा. ड्रायरमध्ये जीन्सची बटणं टकटक वाजायची. त्या आवाजात आई कोंबडीशी बोलत असायची. काय बोलायची ते मी उभा राहून ऐकलं नाही. एकदा कानावर पडलं ते एवढंच: "तेल काय, नंतर घातलं असतं."

कोंबडी खाईना. चोच उघडून थेंबानं पाणी घातलं की गिळायची, दाण्याकडे बघायची नाही. उकडलेला भात, ज्वारी, कोमट पाण्यात कालवलेली पेंड, सगळं पिंजऱ्यात जसंच्या तसं. वर्षा दिवसभराचं काम करून यायची आणि कपडेही न बदलता त्या खोलीत डोकावायची. मी इंटरनेटवर वाचायचो. इथल्या कोंबडीवाल्यांचे शेकडो अनुभव तिथं आहेत. अर्धे लोक म्हणतात वाचली, अर्धे म्हणतात सकाळी उठलो तर गेली होती. ज्यांनी उत्तर लिहिलंच नाही ते किती, हे कळायला मार्ग नाही. मी रोज तिचं वजन भाजीच्या काट्यावर करायचो, आणि रोज काटा थोडा खाली यायचा. त्यापुढं मला काही करता येत नव्हतं. बघणं म्हणजे काहीतरी करणं, अशी स्वतःची समजूत घालायला काटा बरा असतो.

सातव्या माळेला संध्याकाळी आईनं सांगितलं. वर्षा साबुदाणा परतत होती, ईशा टेबलाशी अभ्यास करत होती.

"मी म्हसोबाला बोललेय."

कराडजवळ आमचं गाव आहे आणि गावात आमचं थोडं शेत. शेताच्या बांधावर, बाभळीखाली म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड. शेताची राखण त्याच्याकडे. आईच्या दृष्टीनं हे अंगण म्हणजेही शेतच, फक्त लांबचं.

"देवी घरात बसलीय, आणि तू म्हसोबाला?" मी म्हटलं.

"देवी नऊ दिवस बसलीय. तिला मध्येच उठवायचं का कोंबडीसाठी?"

"काय बोललीस?"

"तांबडी जगू दे, म्हणून."

"आणि द्यायचं काय?"

आईनं माझ्याकडे, मी मुद्दाम वेड पांघरतोय अशा नजरेनं पाहिलं. "म्हसोबाला काय देतात? कोंबडा."

वर्षाचा झारा थांबला. ईशानं कानातले इअरफोन काढले. "वेट. आजी. यू आर गोइंग टु किल अ चिकन टु सेव्ह अ चिकन?"

"तुझं इंग्रजी मला कळत नाही," आई म्हणाली. तिला अक्षर न् अक्षर कळलं होतं.

"आई, नारळावर भागलं नसतं का?" वर्षानं हळूच विचारलं.

"नारळावर म्हसोबा हलत नाही. तुझ्या सासऱ्यांच्या वेळी मी नारळच बोलले होते."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं बाजारात एखादी वस्तू थोड्याशा घासाघिशीपायी हातची गेली असं सांगावं. वर्षानं गॅस बारीक केला. ईशानं पुस्तक मिटलं. परातीतल्या पाण्यात दिव्याची ज्योत पडली होती, ती तेवढी हलत होती. मला त्या क्षणी जे समजलं ते असं: लाँड्रीच्या खोलीत आता साडेचार डॉलरची कोंबडी राहिलेली नाही. ती जगली तर आई म्हणेल, बघ, तेव्हाही कोंबडा बोलायला हवा होता. ती मेली तर म्हणेल, माझ्या हातात कशालाच यश नाही. दोन्ही बाजूंनी वजाबाकीच येत होती. मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा मांडून पाहिल्या. तरी मला वाटत होतं, ती जगावी. आधी जगावी, मग बघू.

उपास धरण्याखेरीज आणखी काही करायचा मार्गही आईकडे नव्हता. उपास आधीच चालू होते.

दसऱ्याला घट उठला. नऊ दिवसांत गहू वीतभर वाढले होते, उजेडाअभावी पिवळट, नाजूक. आमच्याकडे ते तुरे पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या केसांत खोवतात. मी टोपी घालत नाही, म्हणून आईनं माझ्या कानावर ठेवला. ईशानं वेणीत घातला आणि फोटो काढला. उरलेले तुरे घेऊन आई लाँड्रीच्या खोलीत गेली. आम्ही मागून गेलो. तिनं तळहात पिंजऱ्यात धरला. तांबडीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं. मग टुक. एक पातं. मग टुक, टुक. इतके दिवस दाण्याकडे न बघणारी कोंबडी देवीच्या घटातलं धान खात होती.

आई रडली नाही. पदरानं हात पुसून म्हणाली, "आज दसरा. पंचांग बघायला नको. हिला आज आपल्यांत सोडायची."

"आजी, नो," ईशा म्हणाली. "द व्हेट सेड थ्री वीक्स. तिची स्किन अजून ओपन आहे."

"एकटीनं का कुणी बरं होतं? माणसात असलं की माणूस उठतो. आज सीमोल्लंघन. आजच्यासारखा दिवस नाही."

ईशा माझ्याकडे बघत होती. वर्षा माझ्याकडे बघत होती. तीन आठवडे म्हणजे किती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण बाबा गेल्यापासून आईनं एखादी गोष्ट इतक्या ठामपणे सांगितलेली मी ऐकली नव्हती. आणि कोंबडी खात होती. माझ्या हातात डॉक्टरांचं एक वाक्य होतं, आणि आईच्या हातावर खाणारी कोंबडी. मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे हो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

उन्हं तिरपी झाली होती. आईनं तांबडीला गवतावर ठेवलं, तिच्यापुढं जमिनीला कुंकवाचं बोट टेकवलं, आपट्याची पानं म्हणून ओकची दोन पानं टाकली. बाकीच्या चौघी खुराड्याशी उकरत होत्या. त्यांनी माना वर केल्या. तांबडी त्यांच्याकडे निघाली, थोडी लंगडत, घशातल्या घशात तो जुना कुरकुरणारा आवाज काढत. मला खरोखर असं वाटलं की ती घरी चालली आहे. पाटलीणबाई पुढं आली. दोघी क्षणभर समोरासमोर थांबल्या.

मग पाटलीणबाईनं तिच्या उघड्या पाठीवरचं लाल बघितलं आणि टोचलं. दुसरीनं टोचलं. चौघी तुटून पडल्या. मी मध्ये घुसेपर्यंत, लाथेनं त्यांना दूर करेपर्यंत फार वेळ गेला नसेल, पण डॉक्टरांनी घातलेला एकही टाका जागेवर नव्हता. त्या ससाणा नव्हत्या. एका खोक्यातून, एकाच सकाळी आणलेल्या तिच्या बहिणी होत्या. लाल दिसलं की कोंबडी टोचते. त्यात राग नसतो. राग असता तर समजून घ्यायला सोपं गेलं असतं.

आई हातात कुंकवाची डबी धरून तशीच उभी होती. "आपल्यांतच गेली होती ना रे?" ती म्हणाली. मी तांबडीला उचलून आत नेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कोंबडीचा रस्सा असतो. नऊ दिवसांनंतर घरात पहिल्यांदा खोबरं भाजल्याचा वास सुटतो. त्या वर्षी पाकिटं फ्रीजरमधून कुणी काढली नाहीत. कुणी काढू नका म्हणालंही नाही. वर्षानं पिठलं केलं.

डॉक्टरांना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पुन्हा टाके धरणार नाहीत. एकतर तिला आणा, शांतपणे कायमची झोपवू, नाहीतर वाट बघा. मी दोन्हींचा खर्च विचारला, सवयीनं. मग फोन ठेवून आईला फक्त दुसरी गोष्ट सांगितली.

वाट बघणं हे काम आहे, हे मी तेव्हा शिकलो असं लिहायचा मोह होतो. तसं काही झालं नाही. ते काम नव्हतं, ती नुसती वाट होती. सकाळी जाग आली की आधी कान त्या खोलीकडे जायचा. ऑफिसात दुपारी फोन वाजला, घरचा नंबर दिसला, की मी हातातला कागद खाली ठेवायचो, आणि वर्षा विचारायची, येताना दूध आणशील का. गेलेल्या वर्षांतले तसले फोन मला आठवायचे. फोन कानाशी धरून ऑफिसच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारणं, "मी येऊ का?" विचारणं, आणि पलीकडून आईचं "येऊन काय करशील?" तेव्हा मला वाटायचं, मी लांब आहे म्हणून काही करता येत नाही. आता कोंबडी दहा पावलांवर होती.

बाहेर पानं पडत होती. आई खुर्चीत बसायची बंद झाली; चौघींकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. दाणे टाकायची, पण पाटलीणबाई म्हणणं सोडलं. "ती," एवढंच. मी अंगणावर दोऱ्या ताणल्या, जाळी टाकली. ससाणा शेजाऱ्याच्या चिमणीवर येऊन बसायचा आणि माझं काम बघायचा.

दिवाळी आली. पहिल्या आंघोळीच्या सकाळी उटण्याचा वास घरभर असताना लाँड्रीच्या खोलीतून आईचा आवाज आला. "टोचलं! विजू, अरे टोचलं मला!" आम्ही ओले धावलो. आई पाटावर बसून स्वेटरची बाही वर करून दाखवत होती. मनगटावर लाल ठिपका. स्वेटरचं चमकणारं बटण तांबडीला दाणा वाटलं होतं, आणि बटण सुटत नाही म्हणून तिनं हातालाच चोच मारली होती. "कसली जोरात मारली बघ," आई ईशाला सांगत होती, आणि ईशा त्या ठिपक्यावर फुंकर घालत हसत होती.

त्यानंतर ती बरी होत गेली. आम्ही वेगळं काहीच केलं नव्हतं. तेच मलम, तेच पाणी, तोच टॉवेल. कातडी कडेनं आत सरकत आली, खपल्या पडल्या, आणि उघड्या पाठीवर निळसर नळ्या उगवल्या, बारीक लेखण्यांसारख्या. त्यांतून पिसं उलगडली. भाजीचा काटा वर जायला लागला. मी अजूनही तो काटा बघतो तेव्हा वाटतं, याला काय माहीत होतं.

नोव्हेंबरअखेरीस आईचा व्हिसा संपत आला. तांबडी अजून लाँड्रीतच होती. विमानतळावर व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाला थांबवून आई ईशाला म्हणाली, "तिला घाईनं सोडू नका. आणि सोडायचं तेव्हा मुहूर्त बघू नका."

"ओके आजी," ईशा म्हणाली. आणि मग, तिच्या मराठीत, "मी रोज फोटो पाठवीन."

तसंच केलं. डॉक्टरांनी सांगितलेली रीत अशी की मध्ये जाळी लावायची. एकमेकींना दिसू द्यायचं, टोचू द्यायचं नाही. पुढं एका थंड, कुठलाच सण नसलेल्या मंगळवारी जाळी काढली. कुणी माना वर केल्या नाहीत. पाटलीणबाईनं तिला एकदा ढकललं, दाण्यावरून, पूर्वीसारखं. बस्स.

म्हणजे नवस फेडायला हवा. आईनं कराडच्या बाजारातून काळा कोंबडा घेतला, साडेसहाशे रुपयांना. रिक्षानं शेतावर गेली. आमचं शेत वाट्यानं करणारे बबनदादा फोन धरून उभे होते, मी इकडून बघत होतो. बाभळ, शेंदूर, उन्हात पांढरा पडलेला बांध. कोंबड्याचे पाय सुतळीनं बांधलेले. त्याची पापणी खालून वर मिटत होती. मी लांबून बघत होतो, मध्ये पडलो नाही. नवस तिचा होता.

बबनदादांनी विळा पुढं केला. आईनं तो घेतला आणि सुतळी कापली.

"काकू, अवो हे काय? सोडून कुठं जाणार त्यो? कोल्हा नेईल, न्हाईतर पावणं नेतील."

"मग तू सांभाळ."

"दाण्याचं काय?"

"दाणे मी देते."

"म्हसोबाला चालेल का, आई?" मी फोनमधून विचारलं.

ती फोनकडे वळली. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिनं हात आडवा धरला. "त्यानं एक राखला, मी एक राखते. फिटलं."

या गोष्टीला वर्ष होत आलं. बाबांच्या नारळाबद्दल ती पुन्हा बोललेली नाही. मी विचारलेलं नाही. तांबडी यंदा अंगणात लांब जात नाही. पायरीखाली बसते आणि पानं पडली की एका डोळ्यानं वर बघते. शनिवार-रविवारी मी खुर्चीत बसतो. पलीकडची गिरणी दळत असते, आणि मांडीवरच्या स्टिकचा उपयोग काय, हे मला नक्की सांगता येत नाही.

बबनदादा महिन्यातून एकदा आईला कोंबडा दाखवतात, फोनवर. दाण्याचे पैसे आईच्या वतीनं मी पाठवतो. मागच्या खेपेला आईनं तो फोन मला जोडून दिला. कोंबडा झकास होता, मान ताठ, तुरा मोठा. फक्त रंगानं तांबूस होता.

"आई," मी नंतर म्हटलं, "आपला काळा होता ना?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "उन्हातान्हात असतो रे. रंग उतरला असेल."

मी पगारपत्रकं तपासणारा माणूस आहे. नोंद जुळली नाही तर मला जेवण जात नाही. तरी या महिन्यात बबनदादा म्हणाले, दाणे महागले, दोनशेत भागत नाही, तेव्हा मी वाढवून पाठवले. या महिन्याची रक्कम अडीचशे रुपये. पोचली बबनदादांना, कोंबड्याच्या दाण्यासाठी. कोणत्या कोंबड्याच्या, ते विचारलेलं नाही.